बदलण्याआधी रुस्ताकला विचारा

बाबा, तुमच्या कंपायलरच्या जुन्या नोंदी आम्ही सध्या नव्या व्यवस्थेत हलवतोय आणि त्यातल्या एका नोंदीपाशी मी तीन आठवडे अडकून बसलेय. काम तसं सोपं आहे. प्रत्येक बदल कुणी केला आणि का केला, एवढं नव्या ठिकाणी उतरवायचं. तुमच्या वेळी बदल चढवायचा अधिकार तुम्हा दोघातिघांनाच होता, त्यामुळे कुणीही पाठवलेला बदल तुमच्याच नावावर दिसतो. हे हलवण्याचं काम बघणारा गृहस्थ फिनलंडचा आहे, भलताच काटेकोर. मला म्हणाला, तुझ्या वडिलांच्या नावावरचे जे बदल मुळात तुझे होते त्यांची यादी दे, म्हणजे ज्याचं काम त्याचं नाव लागेल. अठरा सापडले, ते एका बैठकीत लिहून काढले. एकोणिसावा मात्र तो आहे, रुस्ताकवाला. त्यावर नाव कुणाचं लावायचं, तुमचं की माझं, एवढाच प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला विचारायची सोय नाही.

आईला कुणी विचारलं, हे सुट्टीच्या दिवशी करतात तरी काय, की ती सांगायची, "माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतात. दुभाषे आहेत. जगाचं काम आहे, म्हणून घरातल्या कुणी बोलायचं नाही." आखातात सुट्टी शुक्रवारची. त्या सकाळी तुम्ही अल मवालेहच्या बाजारातून भाजी आणता, पिशव्या ओट्यावर ठेवता आणि तिथेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरता. कडेला भोकं असलेले ते लांबच लांब कागद, हातात पेन्सिल. समोर मी मेथी निवडत बसलेय. तुम्ही एकेक ओळ वाचता, अगदी स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही, आणि मध्येच माझ्याकडे न बघता विचारता, "ही ओळ काढली तर काय होईल गं?" मला तेव्हा वाटायचं, बाबांना उत्तर माहीत आहे आणि माझी परीक्षा चाललीय. आता वीसेक वर्षं तेच काम केल्यावर कळतंय की तुम्हाला खरंच माहीत नसायचं.

रागावलात ते एकदाच. कुणीतरी मेलवर फार बाळबोध प्रश्न विचारला होता आणि मी तुमच्या वतीने उत्तर ठोकून दिलं, आधी माहितीपुस्तक वाचा. तुम्ही ते वाचून खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "तो काय बनवतोय हे विचारलंस? नाही ना? मग तुला त्याचा प्रश्न कळलेलाच नाही. माफी माग." मी मागितली, फणफणत. तो माणूस त्याच्या गावच्या शाळेचं वेळापत्रक बनवत होता. मग तुम्ही दोघं महिनाभर वेळापत्रकांवरच बोलत राहिलात आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

रुस्ताक गावचे ते म्हातारे दुकानदार, मी ज्यांना आजोबा म्हणायचे, तेही तुम्हाला असेच मिळाले. तुमच्या कंपनीचे पंप ते तिथल्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानात विकायचे आणि गावच्या फलजच्या पाळ्याही तेच लावायचे. फलज म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट. ज्याची जितकी वाटणी, तितके अर्धे-अर्धे तास त्याच्या बागेत पाणी. तिथे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. हे ऐकल्यावर तुम्हाला कोण आनंद झाला. तुम्ही तुमच्या कंपायलरच्या भाषेत पाळ्यांचा प्रोग्राम लिहिलात, त्यात सूर्यास्त म्हणजे शून्य, त्याच्या आधीची मिनिटं उणे. दुकानात कंपनीतला एक जुना कॉम्प्युटर नेऊन ठेवलात. तेव्हापासून कंपायलरची नवी आवृत्ती आधी रुस्ताकला चालवायची आणि मगच जगाला द्यायची, असा तुमचा रिवाजच पडला. "रुस्ताकला चाललं की खलास," म्हणायचात.

मी पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते. कुणीतरी तक्रार केली होती की उणे सातला दोनाने भागल्यावर पूर्णांकात बाकीचे कंपायलर उणे तीन देतात, तुमचाच उणे चार देतो. मी दुरुस्ती करायला घेतली आणि दोन दिवसांत केलीसुद्धा. सगळ्या चाचण्या पास, एक सोडून. ती फाइल उघडली तर वर तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: बदलण्याआधी रुस्ताकला विचारा. मला हसू आलं. दोन दिवसांनी माझं विमान, दीडशे किलोमीटरवर कोण जातंय एका भागाकारासाठी? मी चाचणीतलं अपेक्षित उत्तर उणे चारचं उणे तीन केलं. चाचणी पास झाली आणि बदल तुमच्या हाती दिला. विमान पकडण्याआधी माझा बदल तुमच्या कामात चढावा, एवढंच डोक्यात होतं.

माझं जाणं पुढे ढकललं गेलं, आईला ताप आला म्हणून. त्या शुक्रवारी तुम्ही रुस्ताकला गेला नाहीत. नवी आवृत्ती फ्लॉपीवर घालून कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलीत. पुढल्या आठवड्यात आजोबांचा फोन आला. माझ्या भागाकाराने उणे एकचं शून्य झालं होतं, म्हणून नव्या यादीत सूर्यास्ताच्या आधीची पाळी आणि नंतरची पाळी एकाच वेळेवर पडली होती. दोन माणसं फावडी घेऊन एकाच तोंडाशी उभी. त्यातला वयाने मोठा होता तो मागे सरला, काही दिवसांनी येणाऱ्या पुढच्या पाळीपर्यंत थांबला, आणि ऐन जूनच्या उन्हात त्याची लिंबाची रोपं जळून गेली.

तुम्ही मला बरोबर घेतलंत. दुकानात आजोबांनी आधी खजूर पुढे केले, कावा, म्हणजे तिथली कॉफी, ओतला, घरची चौकशी केली, आईचा ताप विचारला. मला एकेक मिनिट जड झालं होतं. मग त्यांनी त्यांच्या त्या दुकानदारी हिंदीत विचारलं, "गलती मशीन का है या आदमी का?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तुम्ही म्हणालात, "आदमी का. मेरा." मी खजुराची बी हातात धरून बसले होते. खरं सांगायला दोन शब्द पुरे होते, बाबा. मी तोंड उघडलं नाही. तुम्ही त्या लिंबवाल्याच्या बागेतही जाऊन आलात आणि परतताना गाडीत मला विचारलंत, "लिंबाला फळ धरायला किती वर्षं लागतात, माहितेय?" मी वाट बघत होते रागावण्याची. तुम्ही जाईपर्यंत बघत होते.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं की तुम्हाला कळलं नसेल. बदल मोठा होता, नजरचुकीने चाचणीतली ती ओळ सुटली असेल. पण स्वल्पविराम न सोडणारा माणूस ती ओळ सोडेल? गेल्या आठवड्यात, नोंदींच्या प्रती तुम्ही ठेवायचात त्या जुन्या सीड्या चालवून बघितल्या. माझा बदल चढवताना तुम्ही नोंदीच्या शेवटी एकच शब्द लिहायचात, "पोरीचं". म्हणून तर अठरा इतक्या पटकन सापडले. एकोणिसाव्यावर तो शब्द नाही. मग रुस्ताकला जाण्याआधीची सीडी लावली. तिच्यात आहे. नंतरच्या सीडीत नाही. म्हणजे रुस्ताकहून आल्यावर तुम्ही मागे जाऊन तो एवढा शब्द काढलात आणि मेलच्या यादीवर सगळ्यांना लिहिलंत, चूक माझी.

आता मला छळतंय ते वेगळंच. तुम्ही ती ओळ तेव्हाच वाचली होती का, आणि मी आपण होऊन सांगेन म्हणून थांबला होतात? की माझ्यावर विश्वास टाकून वाचलीच नव्हती, आणि ड्रायव्हरबरोबर फ्लॉपीही म्हणूनच पाठवलीत? पहिलं असेल तर मी तुम्हाला निराश केलं, दुसरं असेल तर फसवलं. दोन्हींतलं काय बरं, हेही मला ठरवता येत नाही. भागाकार तुम्ही पुन्हा पूर्वीसारखा केलात, आणि तो आजही तसाच आहे. नवीन कुणी भांडायला आलं की मी रुस्ताकची गोष्ट सांगते, आणि सांगताना म्हणते, "एकदा आमच्याकडून चूक झाली होती."

यादी काल पाठवली. त्या गृहस्थाने विचारलं, एवढेच का? तुमच्या त्या "चूक माझी"चा मान ठेवला असं मला म्हणता आलं असतं, पण तसं काही नाही. मला लाज वाटली. मी लिहिलं, हो, अठराच.