बासष्ट सालचं पंक्चर

५ डिसेंबर १९९३, रविवार. सकाळी ६.२०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. बायकोला, कमलला, तर नाहीच.
चोपड्याच्या एका क्रीडा मंडळाने सायकल शर्यत ठेवली आहे, ६ फेब्रुवारीला. चोपड्याहून सातपुड्याचा पायथा, तिथून गाडीवाटेने डोंगरात शिरून परत. साठ किलोमीटर, डांबर जवळजवळ नाही. पन्नाशीपुढच्यांचा वेगळा गट. मी त्रेपन्न, म्हणजे गटातला तरुण.
माझा जुना सायकल-सोबती रुपचंद काल म्हणाला, होळीनंतर तो कायमचा सुरतेला, मुलाकडे. ही त्याची शेवटची शर्यत. म्हणजे माझीही शेवटची संधी. १९६२ साली जळगाव–धुळे शर्यतीत पारोळ्यापर्यंत मी त्याच्या पुढे होतो. पारोळ्याबाहेर माझं पंक्चर झालं आणि तो जिंकला. एकतीस वर्षं मी हे लोकांना समजावून सांगतो आहे. एकदा त्याच्या आधी पोचलो की समजावण्याची कटकट संपेल.
संकल्प: रोज पहाटे पाचला वीस किलोमीटर. चहा बंद. शेव बंद.

६ डिसेंबर
पाचला उठलो. थंडी फार. गारठलेल्या स्नायूंना ताण दिला तर ते कायमचे जातात असं कुठेतरी वाचलंय. साडेसहाला पुन्हा उठलो, तोवर चहा झालेला होता. केलेला चहा ओतून देणं माझ्या स्वभावात नाही.

९ डिसेंबर
सायकल आली! जावयाने पोट कमी करायला घेतली होती, नऊ दिवस चालवली आणि नाशिकहून एसटीच्या टपावर टाकून दिली पाठवून. डोंगरात चालवायची आहे, जाड टायर, अठरा गिअर. आमच्या साहेबांच्या जीपला चार आहेत.
अय्युबच्या दुकानात जोडून घेतली. रुपचंद आणि मी, आमच्यातला अय्युब तिसरा. तो म्हणाला, “गिअर अठरा है भाऊ, पन पाय तो दोच है.” सायकल दुरुस्त करणाऱ्यांना नवं काही पटत नाही.
बासष्टच्या त्या ट्यूबला त्यानेच ठिगळ लावलं होतं. ट्यूब मी माळ्यावर जपून ठेवली आहे. ठिगळ आजही पक्कं. कोणी शंका घेतली तर मी अय्युबला साक्षीदार म्हणून पुढे करतो. तो मान हलवतो. फार बोलत नाही.

१२ डिसेंबर
गिअर बदलायला गेलो, चेन उतरली. पाच वेळा. तूर्त एकच गिअर पक्का करतोय, तिसरा किंवा अकरावा.

१९ डिसेंबर, रविवार
तिघे पद्मालयला. मी मुद्दाम मागे राहिलो, दोघांच्या पायडल मारण्याच्या पद्धतीचं निरीक्षण करायला. चढाला ते दिसेनासे झाल्यामुळे निरीक्षण थांबवावं लागलं. शिवाय टायरात हवा कमी वाटली. उतरलो, बसलो, पुन्हा तपासली. बरी होती.
आमचा जुना नियम आहे: मागच्याचा चहा सांगून ठेवायचा आणि तो आल्याशिवाय निघायचं नाही. मी पोचलो तेव्हा हॉटेलवाल्याने माझा चहा दोनदा तापवलेला होता. चहा बंद आहे, पण नियम तो नियम.
शर्यतीत हा नियम चालणार नाही असं मी स्पष्ट जाहीर केलं. कोणी कोणासाठी थांबायचं नाही. उगाच त्यांच्यापायी मी अडकायचो. रुपचंद मूळचा शिंदखेड्याकडचा, अजून तिकडचंच बोलतो. म्हणाला, “भाऊ, जशी तुनी मर्जी.”

२ जानेवारी १९९४
आजचा सराव रुपचंदच्या मेव्हण्याच्या मळ्यापर्यंत. तिथे भरीत पार्टी निघाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. खेळाडूने शक्ती साठवली पाहिजे. तीन भाकरींची साठवली. परत येताना सायकल बैलगाडीत टाकली, कारण मागच्या चाकातून आवाज येत होता. अय्युबला आला नाही. दुकानातल्या ठोकाठोकीने त्याचे कान गेले असावेत.

१२ जानेवारी
रोज सहा केळी. वजन अडीच किलोने वाढलं. स्नायूंचं असणार.

१८ जानेवारी
ऑफिसात बसवत नाही. फायलीपुढे बसलं की टेबलाखाली पाय आपोआप फिरू लागतात. साहेबांनी विचारलं, लीलाधरराव, खाली शिवणयंत्र ठेवलंय का? हसलो. मग बाहेर जाऊन पाणी प्यालो, परत आलो, पुन्हा बाहेर गेलो. काहीतरी करायला हवं असं सारखं वाटतं. काय ते कळत नाही.

२३ जानेवारी, रविवार
आज दोघं बोलवायला आले होते. डोकं दुखत होतं म्हणून गेलो नाही. मग दिवसभर खिडकीत. कमल म्हणाली, एक तर जायचं, नाहीतर बसायचं, उंबरठा कशाला झिजवता?
ऐकलं ते असं, की रुपचंद रोज पाचोऱ्यापर्यंत जाऊन येतो. छप्पन्नाव्या वर्षी. लोकांना अतिशयोक्तीची सवयच असते.

३० जानेवारी
बक्षीस घेतानाचं भाषण तयार. रुपचंदचा उल्लेख दोनदा, मोठ्या मनाने. कमलला वाचून दाखवलं. भाषण सायकलपेक्षा बरं चालतंय म्हणाली.

५ फेब्रुवारी. चोपडा
अय्युबच्या मामेभावाकडे मुक्काम. तिघांच्या सायकली ओसरीत एका रांगेत. माझी सर्वांत चकचकीत. उद्या या वेळेला सगळं झालेलं असेल.

७ फेब्रुवारी
काल पंक्चर झालं.

८ फेब्रुवारी. रजेवर
नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.
सातला सुटलो. पहिले चार किलोमीटर मी फार चांगला होतो. बाविसाव्या किलोमीटरला चढ लागला, धोंड्यांचा. रुपचंदची पाठ पुढे दिसत होती, मग वळणाआड गेली. पाठोपाठ अय्युबचीही. छातीत धडधड व्हायला लागली, डोळ्यांपुढे काजवे. बाभळीखाली थांबलो. नाल्याशेजारी, कोणी नव्हतं. मागचं चाक दाबून पाहिलं तर खाली बसलेलं. व्हॉल्व्हचं टोपण माझ्या हातात होतं. तपासायला काढलं असणार.
मागून आलेल्या एकाने विचारलं, काय झालं? पंक्चर, म्हटलं. त्याने पुढे जाऊन सांगितलं. मी सांगायला सांगितलं नव्हतं, हे इथे नमूद करतो.
पंधरा मिनिटांनी दोघं चढावरून उलटे खाली आले. मी ओरडलो, शर्यतीत थांबायचं नाही ठरलं होतं! रुपचंद म्हणाला, “ते तू ठरायेल व्हतं.” आणि सायकल आडवी टाकून बसला. तोवर तो आमच्या गटात पहिला होता, हे अय्युबकडून कळलं.
अय्युबने ट्यूब काढली, हवा भरली, नाल्याच्या डबक्यात बुडवून सगळी फिरवली. एक फेरा. मग पुन्हा एक. एकही बुडबुडा आला नाही. मी पाण्याकडेच बघत होतो. वर बघवत नव्हतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, आणि मी तरी तोंड उघडलं नाही.
तिसऱ्या फेऱ्यात अय्युबने एका जागी अंगठा ठेवला. “मिला, भाऊ. एकदम बारीक है.”
रुपचंदने वाकून बघितलं. “बाभूयना काटा शे. दिखत नही असा ऱ्हास.” बाभळीचा काटा, दिसत नाही असा असतो, म्हणे.
मग अय्युबने ती जागा पुसली, कानशीने घासली, सोल्यूशन लावलं, वाळू दिलं, ठिगळ चिकटवून पाच मिनिटं अंगठ्याने दाबून धरलं. घाई अजिबात नाही. लोक आमच्या बाजूने पुढे जात होते.
पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मंडप सोडत होते. तिघांना सहभागाचं एकेक प्रमाणपत्र. रुपचंदने तीन चहा सांगितले. भाषण खिशात होतं, घामाने भिजलं.

१० फेब्रुवारी
माळ्यावरून बासष्टची ट्यूब काढली. न्हाणीघरात नेऊन ब्लेडने ठिगळ सोललं. निघता निघेना, अर्धा तास लागला. खाली रबर कोरं. कुठे भोक नाही.
एकतीस वर्षांत रबर आपोआप जुळून येत असेल. चौकशी केली पाहिजे.

११ फेब्रुवारी
चौकशी कोणाकडे करणार? ज्याला विचारायचं त्यानेच ठिगळ लावलंय.
पारोळ्याबाहेर त्या दिवशीही बाभळच होती. रुपचंद पुढे गेला होता आणि माझ्यात दम नव्हता. टोपण काढलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. लिहिलं की बरं वाटतं म्हणतात. वाटलं नाही.
संकल्प: रुपचंदला सरळ सांगायचं. सुरतेला जायच्या आधी. येत्या रविवारी.

१३ फेब्रुवारी, रविवार
वारा फार होता. वाऱ्यात गंभीर गोष्टी नीट ऐकू येत नाहीत.

२७ फेब्रुवारी, रविवार
अय्युब बरोबर होता. दोघांनाच बोलायचं आहे. तसं अय्युबला सांगायचं काही उरलेलंच नाही म्हणा.

१३ मार्च, रविवार
मार्चएन्ड. डोक्यात दुसरं काही ठेवता येत नाही.

२७ मार्च. होळी
सणाच्या दिवशी नको.

३ एप्रिल, रविवार. सकाळी ११
रुपचंद आज गेला. सुरतेची गाडी साडेआठची. मी पावणेसातला स्टँडवर हजर. वाक्य पाठ केलं होतं, एकच, छोटं. शर्टाच्या खिशात शर्यतीतलं ते व्हॉल्व्हचं टोपण, दाखवायला.
अय्युबने त्याची सायकल टपावर चढवून दोरीने आवळली. उतरून म्हणाला, मैं चाय बोलके आता हूँ. मुद्दाम गेला असावा. आम्ही दोघंच उरलो. रुपचंदने माझा हात धरला. म्हणाला, तिकडे मुलगा आहे, सून आहे, बठ्ठा शेतस, सगळे आहेत, “पन मांगे फिरीसन दखाले कोनी ऱ्हावाव नही, भाऊ.” मागे वळून बघायला कोणी असणार नाही, म्हणे. हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.
म्हटलं, ट्यूबची क्वालिटी हल्ली पहिल्यासारखी राहिली नाही.
रुपचंद म्हणाला, “हां भाऊ. बासष्टमा बी नव्हती.”
मग कंडक्टरने घंटी मारली. अय्युब तीन चहा घेऊन आला तोवर गाडी सुटली होती. तिसरा आम्ही दोघांनी अर्धा अर्धा प्यायला.