दोन्ही बाजूंचे तापमान सारखे झाल्याबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
नवउपक्रम छाननी समिती,
जिल्हा कार्यालय, जळगाव

विषय : ‘उपकरण वीज देत नाही’ हा शेरा रद्द करून फेरचाचणी घेण्याबाबत.
संदर्भ : समितीचे दि. २९ एप्रिलचे पत्र.

महोदय,

चाचणीच्या दिवशी टेबलावर माझ्या वस्तू अशा होत्या : नखाएवढ्या चिप्स चौदा, तांब्याच्या पट्ट्या दोन, थर्मामीटर दोन, मल्टिमीटर एक, गार पाण्याची बाटली एक, चहाने भरलेला थर्मास एक.

१. ही चिप उष्णतेपासून थेट वीज तयार करते. त्यासाठी तिची एक बाजू गरम आणि दुसरी थंड असावी लागते. दोन्ही सारख्या झाल्या की वीज थांबते. माझे वडील भाईदास कासार सोनगीरला तांब्याची भांडी घडवतात. त्यांच्या भट्टीच्या वाया जाणाऱ्या धगीवर तिथलाच पंखा चालावा, यासाठी माझे हे काम आहे. पट्ट्या त्यांनीच ठोकून दिल्या.

२. भट्टी धुळे जिल्ह्यात येते म्हणून तेथे चाचणी नाकारण्यात आली. कार्यालयात स्टोव्ह पेटवण्यास मनाई आहे. म्हणून चहा आणला होता. माझा क्रमांक दुपारी लागला, तोवर लिपिक श्री. प्रेमराज यांनी तो समितीला वाटला होता. “ताई, आम्हाला वाटलं साहेबांसाठीच आणलाय. आलं जरा कमी होतं,” असे ते म्हणाले. बाटलीतले पाणीही एव्हाना खोलीइतकेच तापले होते. दोन्ही बाजूंना ४१ अंश भरले आणि शेरा लिहिला गेला.

३. तो वाचून दाखवल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, “बेटा, भट्टीच नही पेटाडी, मंग तपासं काय त्यास्नी?”

४. शेरा कायम राहिल्यास ३१ मे रोजी योजनेतील माझी जागा रद्द होईल. पदवीला तीन वर्षे पूर्ण होत असल्याने पुन्हा अर्ज करता येणार नाही.

५. फेरचाचणीसाठी चहा, पाणी, स्टोव्ह काहीही नको. या इमारतीत तापमानाचा पुरेसा फरक एकाच जागी आहे : आपल्या दालनाच्या दाराची काच. आत एसी आहे, बाहेर अर्जदारांचा बाक. काचेला बाहेरून चिप्स टेकवण्याची पाच मिनिटे परवानगी मिळावी. मला आत येण्याची गरज नाही. श्री. प्रेमराज यांच्या मते यासाठी बांधकाम विभागाचे ना-हरकत पत्र लागेल. बांधकाम विभागाच्या मते काच समितीची आहे.

कृपया काचेबाबत आजच निर्णय व्हावा.

आपली नम्र अर्जदार,
कु. कामिनी भाईदास कासार
एम.एस्सी. (पदार्थविज्ञान)
दि. ३० मे २०२५, जळगाव

सोबत :
१. शेऱ्याच्या पत्राची प्रत.
२. अर्ज लिहून झाल्यावर घेतलेली आजची नोंद. चिप्स हाताने काचेला टेकवल्या, काहीही चिकटवलेले नाही. आपण दौऱ्यावर होता, दालनात एसी सुरू होता. काच २७.५ अंश, बाहेरची पट्टी ४१ अंश, १.९ व्होल्ट. चिप्सना जोडलेला बारीक लाल दिवा लागला. कार्यालय सुटताना शिपायाने एसी बंद केला. त्यानंतर काच ३९.५ अंश, पट्टी ३९.५ अंश, ०.० व्होल्ट.