शंभरातले किती

गार्डन रीच, कोलकाता
४ ऑगस्ट

ती. चंद्रकांतकाकांस,
आभाचा शि. सा. न.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदरबाबू किती थोर आहेत, ऐका. कामवाल्या बायकांना लिफ्टबंदी करायची म्हणून त्यांनी कॅरमच्या अड्ड्यावर पंचवीस जणांना विचारलं. चौदा हो म्हणाले. लगेच नोटीस : छप्पन्न टक्के रहिवाशांची मागणी! आमची शकुनमावशी बजबजहून लोकलने कामाला येते. दुखरा गुडघा घेऊन ती आठ मजले चढणार.

बारावीत आम्ही नुकताच कॉन्फिडन्स इंटरव्हल शिकलोय, तो मी काढला. खरा आकडा साडेछत्तीसपासून साडेपंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. बहुमत कसलं डोंबलाचं! सभेत फजिती करते त्यांची.

माया पातळ होऊ देऊ नका.
आभा

पुणे
१२ ऑगस्ट

चि. आभास अनेक आशीर्वाद.

तुझा सेक्रेटरी गाढव आहेच, पण तू फार शेफारू नकोस. ते सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांसाठी असतं. कॅरमच्या टोळक्याला लावलंस, म्हणजे नासलेलं दूध गाळून घेतलंस. शिवाय बहुमत सिद्ध झालं नाही याचा अर्थ ते नाहीच, असा होत नाही. इतकी वर्षं हेच शिकवून माझा घसा बसला.

चिठ्ठ्या टाक, दारोदार जा. येईल ते उत्तर गिळायची तयारी ठेव.

तुझा रागीट, पण तुझाच,
काका

कोलकाता
२५ ऑगस्ट

ती. काकांस शि. सा. न.

चिठ्ठ्या टाकून ऐंशी घरं काढली. बासष्ट घरांनी बंदीला हो म्हटलं. इंटरव्हल अडुसष्ट ते सत्त्याऐंशी टक्के. एका काकीमांनी माझ्या हातावर संदेश मिठाई ठेवली आणि हसत सांगितलं की त्या बायकांच्या घामाचा वास येतो. किळस आली. ही सुशिक्षित माणसं! सभेत गप्प बसू का?

आभा

पुणे
३१ ऑगस्ट

चि. आभास आशीर्वाद.

आकडा लपवलास तर तुझ्यात आणि त्या श्यामसुंदरात फरक काय? वाच. किती जणांना हवंय, एवढंच तो सांगतो. त्यांना हवंय ते योग्य की नीच, हे गणित सांगत नाही. ते तू सांग.

काका

कोलकाता
१० सप्टेंबर

ती. काकांस शि. सा. न.

आकडा वाचला. टाळ्या पडल्या. श्यामसुंदरबाबूंनी तर मला सोसायटीची शान म्हटलं. मग ही मागणी नीच आहे, हेही मी बोलले, तेव्हा सगळे मोबाइलमध्ये बघू लागले. बंदी मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली जाऊन शकुनमावशीची वाट बघत थांबली. तिचा हात धरून तिला लिफ्टमध्ये घेतलं. दारात श्यामसुंदरबाबू आले आणि नियम सांगू लागले. आईने बँकेत नोकरीवर वापरते त्या करड्या आवाजात हिंदीत सुनावलं की आत यायचं तर या, नाहीतर दार सोडा. मावशीबरोबर एका लिफ्टमध्ये उभं राहणं त्यांना जमेना, गेले जिन्याने. राहतात सातव्या मजल्यावर.

आता आई रोज मावशीला घेऊनच वर येते आणि मावशी चढलेली लिफ्ट नको म्हणून ते रोज जिन्याने. थांबते आता. धापा ऐकू येताहेत, पाचव्यापर्यंत पोचले असावेत.

तुमच्या शिव्यांची धनी,
आभा