मोरीचा योग आणि शिरगावचे घर

मी, गंगाराम जानू तांबे, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार शिरगाव, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वहस्ते व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी अन्ननलिका कामातून गेली आहे, डोके नाही. डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे.

१. मेहुणा दादू यास माझी छत्री द्यावी, दुसरे काही नाही. कमळाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, आजारपणात तो एकदाही आला नाही. पाऊस होता म्हणे.

२. योगवर्गाची सतरंजी बाळा सुर्वे यांना परत करावी. त्यांनी तीन महिने शिकवूनही मला पद्मासन जमले नाही. आमच्या मांजरीला मात्र न शिकता सगळे येते. कमळाला ती मोरीत सापडली, म्हणून नाव मोरी. समोर बांगड्याचे डोके ठेवले की शेपटी पायांभोवती घेऊन आसन. दोनदा लांब हुंगणे, हा प्राणायाम. मान फिरवली की प्रत्याहार. मग भिंतीवरच्या एका डागावर नजर आणि हळूहळू डोळे मिटून ध्यान. यम-नियम सांगायलाच नकोत, दुधाचे पातेले उघडे राहिले तरी तोंड लावत नाही. मी लोकांना बोलावून हे दाखवत असे आणि फुशारत असे.

कमळा म्हणाली, "योगबिग काय नाय. ती एकटी जेवत नाय. तुमी ताट घेऊन खाली बसा, मग बघा." बसलो. माझा पहिला घास तोंडात गेला नि हिची समाधी मोडली. मास्तर असून मला हे कळले नव्हते.

३. कमळा गेल्यावर सहा वर्षे आम्ही दोघे समोरासमोर जेवलो. फेब्रुवारीपासून मला नळीतून पेज देतात. मी रिकामे ताट घेऊन बसतो, खोटे खोटे चावतो. मोरी माझ्या तोंडाकडे बघते आणि डोळे मिटते. तिच्या बरगड्या दिसू लागल्या आहेत. हा योग मला आता बघवत नाही. शेजारच्या फरीदाबी अधूनमधून डबा आणून तिच्यापुढे जेवतात, त्यावर ती तगली आहे. पण त्या पुढच्या महिन्यात मुलाकडे कुवेतला चालल्या. "गुरुजी, तिकीट आलंय, नायतर मी बसले असते हो," म्हणाल्या.

४. जो रोज मोरीसमोर खाली बसून जेवेल त्याला घर, अशी अट मी घातली होती. माझा मुलगा राकेश मुंबईहून फोनवर म्हणाला, "बाबा, घर आम्ही विकणारच आहोत. मांजरासाठी तिथं कोण राहणार?" रागाने नाही, खरे तेच बोलला. अट खोडली आहे व खोडल्या जागी सही केली आहे. घर विनाअट राकेशचे. मांजरीची कसलीही व्यवस्था मला करता आलेली नाही.

५. राकेश, मी गेल्यावर माझ्या जलदान विधीपर्यंत तुला इथे राहावेच लागेल. पाहुणे ओटीवर जेवू देत. तू तुझे ताट घेऊन आत ये, खाली बस आणि पोटभर जेव. तेवढे दिवस ती खाईल. कुलूप लावायच्या दिवशी मात्र घाई करू नकोस, सावकाश जेव. तुझे आटोपले की तीही उठेल.

शिरगाव, रत्नागिरी, दि. ९ एप्रिल २००४
सही: गं. जा. तांबे

आमच्यासमोर सही केली:
१. फरीदा करीम मुकादम, शेजारी
२. केरू सखाराम पवार, निवृत्त पोस्टमन