आपल्या अंगणातला तरोटा

प्रिय माय,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वडनेरहून सगळे पाहुणे येणार आहेत, म्हणून तुझ्या सुनेने, संगीताने, सकाळीच बजावलं, "मागचं अंगण साफ करा. पाय ठेवायला जागा नाही." मी तणनाशकाची बाटली काढली. मागच्या वर्षीचीच, अर्धी उरलेली. झाकण उघडायला हात धजेना, तेव्हा लिहायला बसलो.

नालवाडीत सगळ्यांच्या घरामागे गुलाब आणि फरशी, आपल्याच मागे रान. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काहो, इथं कोणी राह्यते का नाई?" तू म्हणायचीस, "राह्यते ना. या जेवाले, तरोट्याची भाजी खाऊ घालीन." ते हसायचे. मला मात्र लाज वाटायची.

उभा जन्म तू लोकांच्या कपाशीत निंदण केलंस. उपटलेल्या तणातूनच तरोटा, घोळ निवडून संध्याकाळी ओटीत आणायचीस. मालकाचं तण ते आमचं जेवण. पुढे फवारणी आली आणि निंदायला बायांना कोणी बोलावेना. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी तुला टोमणा मारायचो, "माय, लोकायचं निंदलं, मंग घरचंच काऊन नाई निंदत?"

"लोकायच्या वावरातलं काढा लागे. हे मायं वावर हाय. याले राहू दे."

का नाही राहू दिलं मी?

डॉक्टरांनी तुला घरी न्या म्हटलं. त्याचा अर्थ आम्हाला कळला होता. तुझी खाट मागच्या पडवीत ठेवायची होती, लोक भेटायला येणार होते. तू यायच्या आधी मी पंप आणून सगळ्या अंगणात औषध मारलं. तुझ्यासाठी एवढं तरी नीट करावं, असं वाटलं होतं. तू आलीस तेव्हा सगळं पिवळं पडून झोपलं होतं. तू बराच वेळ पाहत राहिलीस. त्यापेक्षा रागावली असतीस तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तू स्वतःहून खायला मागितलंस. "बाबू, तरोट्याची भाजी कर म्हन संगीताले." मी बाजारात धावलो, जुडी आणली. संगीताने लसूण घालून भाजी केली. तू पहिला घास हातात घेतलास आणि विचारलंस, "कुठली व्हय?"

तुला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "आपलीच. मागची."

तू घास ताटात परत ठेवलास. "संगीता, पोराइले नोको देजो हे." मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "त्याच्यावर तं औषध मारलं ना तूनं."

मी किती सांगितलं, बाजारातली आहे, खोटं बोललो. "राहू दे आता," एवढंच म्हणालीस आणि तोंड फिरवलंस. पुन्हा काही मागितलं नाहीस. दोन दिवसांनी गेलीस, उपाशी. माय, एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवायचा होतास. पण कशाच्या भरवशावर?

तू गेल्यावर त्या पावसाळ्यात अंगणात काहीच उगवलं नाही. यंदा सगळ्यात आधी आलं ते गाजरगवत. सगळंच तण राहू द्यावं असं मी म्हणणार नाही. गाजरगवत तूही ठेवत नव्हतीस, अंगाला खाज सुटते म्हणून मुळासकट काढायचीस. त्याच्या आडून आता तरोटा वर आला आहे, कोवळा, वीतभर. बाटलीतलं औषध मारलं तर दोन्ही जातील. निवडून काढायचं तर खाली बसावं लागेल, तुझ्यासारखं.

तुझं खुरपं सापडलं आहे. आता बसतो. गाजरगवत तेवढं काढीन, चालण्यापुरती वाट करीन, बाकीचं राहू देईन. उद्या पाहुण्यांच्या ताटात तरोट्याची भाजी असेल. पहिलं ताट तुझ्या फोटोपुढे ठेवीन आणि तू विचारायच्या आधीच सांगीन, आपलीच आहे. यावेळी खरंच आपली आहे, माय.

तुझा,
बाबू