आस्कऱ्याचं पोट

प्रिय संस्कृती,

तुझ्या आस्कऱ्याला आज सकाळी कशी झाली ते आधी सांगते, बाकीचं मागून. झकास झाली! घट्ट, तपकिरी, एका तुकड्यात. उचलली तर मातीला डागसुद्धा राहिला न्हाई. जेवत असशील तर ताट बाजूला सार, पण मला आनंदच एवढा झालाय की दम निघत न्हाई.

तू तुझ्या बाबाला, सतीशला, फोनवर म्हणलीस म्हणं, आजीला झेपत न्हाई, रविवारी धारूरला येते आन् तिच्याकडं ठेवलेल्या ऑस्करला पुण्याला घेऊन जाते. त्यानंच मला सांगितलं. गॅसवर दूध होतं, मी तिकडं वळले. पण तुला अर्धीच बातमी कळलीया, म्हणून सगळी लिहिते. चौथीनंतर शाळेनं मला बघितलं न्हाई. अक्षर कोंबडीनं उकरल्यागत दिसलं तरी नेटानं वाच.

झालं असं, चंपाषष्ठी आली. चार महिने बंद असलेलं वांगं-कांदा त्या दिवशी सुटतं. घरोघर भरीत आन् बाजरीचे रोडगे. आन् कुत्रं म्हणजे खंडोबाचं, म्हणून त्याला मानाचा घास. गल्लीतली कुत्री काय, सदाचीच. तुझा आस्कऱ्या सोनेरी केसांचा, गळ्यात लाल पट्टा, दारात बसला की देवळातून उठून आल्यासारखा दिसतो. मग काय विचारतीस! शेजारची रतनबाई ताट घेऊन आली, कपाळाला भंडारा लावला आन् घ्या देवा म्हणत हातानं भरवलं. ती गेली की समोरची छबुबाई आली, तिनं रोडग्यावर तूप ओतलं. मी नैवेद्याच्या गडबडीत. बाहेर येऊन मीबी माझा घास दिला. ह्यो आधीच पंगत उठवून बसलाय हे कुणाला ठावं? आन् गडी न्हाई म्हणंल तर शपथ. तुझ्याच वळणावर गेलाय. लहानपणी तू आमच्यात जेवून परत रतनबाईकडं उपाशी म्हणून जाऊन बसायचीस.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर अंगणभर पातळ. तुझी आई बादल्या ओतून थकली. रतनबाई म्हणली, देवाचा परसाद हाय, कावून घाबरती, आपसूक बसंल. छबुबाई म्हणली, बेंबीला हिंग लाव. आता एवढ्या केसांत बेंबी कुठं हुडकू? पण त्याचे डोळे बघितले, मलूल झालते. सतीशला म्हणलं, गाडी काढ.

जनावराच्या दवाखान्यातले युवराज डॉक्टर लई भला माणूस. म्हणले, आजी, कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखं, त्यानं रक्त खराब होतं. लवकर आणलंत ते बरं केलं. औषध दिलं, आधी थोडा मऊ भात आन् उकडलेला लाल भोपळा, पाणी भरपूर, मग हळूहळू त्याचं नेहमीचं जेवण. आन् सांगितलं की रोज बघत जा, रंग कसा, घट्ट किती, वेळेवर होती का. एखादेवेळी पातळ झाली तर लगेच जीव टांगू नका. पण रक्त दिसलं, डांबरागत काळी झाली, उलट्या झाल्या, न्हाईतर कुंथूनबी होईना, तर तडक घेऊन या. मी म्हणलं, डॉक्टर, लेकरं-नातवंडं वाढवलीत मी, दुपटं बघून सांगायची की आईनं काल काय खाल्लं. तर लई हसले.

आता गल्लीत कायदा झालाय, केशरबाईला विचारल्याशिवाय आस्कऱ्याला घास द्यायचा न्हाई. सकाळी अन् सांजच्याला त्याला घेऊन किल्ल्याच्या रस्त्यानं जाते. आधी हुंगतो, मग गोल गोल फिरतो, मग माझ्याकडं पाठ करून बसतो. मीबी दुसरीकडं बघते, लाजतो बिचारा. रतनबाई म्हणती, पंचांग बघून बसतो का गं ह्यो? म्हणलं, तुझ्या नवऱ्यापरीस वेळेवर हाय.

आता खरं लिहिते. तुझे आजोबा गेल्यापासनं मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं न्हवतं. सगळे म्हणायचे, आई, जरा फिरून या. पण कुणासाठी फिरायचं? आता उजाडलं की ह्यो पट्टा तोंडात धरून खाटेपाशी हजर. मी उठले न्हाई तर ओल्या नाकानं हात ढकलतो. काल किल्ल्याच्या दरवाजापर्यंत गेले, तुझ्या आजोबासंगं गेलते तशी. आन् हसू नको, पण त्याच्यासंगं माझंबी पोट सुरळीत झालंय, चूर्णाचा डबा उघडलासुद्धा न्हाई. सगळ्यांसमोर फोनवर मला हे बोलवलं नसतं, म्हणून पेन धरला. बाई, त्याला नेऊ नको. कुत्रं तुझं हाय, तू न्हेलंस तर मी आडवी येणार न्हाई, पण मागून तरी बघते. रविवारी ये, चांगली चार दिस ऱ्हा, आपण तिघं किल्ल्यावर जाऊ. आन् येताना त्याचं उचलायच्या पिशव्या तेवढ्या आण, संपत आल्यात. मोठा पुडा आण, वर्षभर पुरंल असा.

तुझीच, आन् आता थोडी आस्कऱ्याचीबी,
केशर आजी