चार किलो

टेंभुर्णी, बुधवार, ४ फेब्रुवारी १९९८

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ह्यांचा भात, लोणचं-पापड कमी केलं, रोज चालायला लावलं. आठ दिवसांत चार किलो उतरले! दुकानाच्या काट्यावर हे खूश, अन् मी त्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं. आमचे वडील असेच झपाट्यानं वाळत गेल्ते. चार किलो... आज न राहवून एकटीच डॉक्टरांकडं गेले.

"ताई, सुरुवातीला जास्त पाणीच जातं. चरबी सावकाश उतरते. पुढं काटा अडला, तर त्यांना धीर द्या."

जीव भांड्यात पडला. घरी आले तर हे म्हणतात, "बघ, महिन्यात लग्नातला कोट बराबर बसतो का न्हाई!"

नुसतं पाणी गेलंय, हे सांगावं का? काटा अडेल तेव्हा सांगीन. पेटीतून कोट काढून दोरीवर टाकला.